लाउपहाइमचा कार्ल

दक्षिण जर्मनीत, उल्म शहरापासून जवळच, लाउपहाइम नावाचं छोटं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे ज्यूंची मोठी वस्ती होती. 17 जानेवारी 1867 रोजी कार्ल लेमलीचा जन्म याच वस्तीतला. आई गेली आणि 1884 मध्ये, सतराव्या वर्षी, पोरगा अमेरिकेला निघाला.

पुढची वीस-बावीस वर्षं पडेल ती कामं करण्यात आणि ऑशकॉश गावच्या कपड्यांच्या दुकानाचा कारभार पाहण्यात गेली. 1906 मध्ये, चाळिशीला टेकल्यावर, त्यानं शिकागोत छोटंसं चित्रपटगृह काढलं. तेव्हा एडिसन आणि मंडळींनी पेटंटांच्या जोरावर धंदा मुठीत ठेवला होता. लेमली त्यांना पैसे मोजत बसला नाही, खटले लढत राहिला. 1912 मध्ये युनिव्हर्सल कंपनी उभी राहिली आणि 1915 मध्ये कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल सिटी. स्टुडिओत नातलगांचा इतका भरणा होता की हॉलिवूडमध्ये त्याची चेष्टा होई. (त्याच गोतावळ्यातून पुढे ‘बेन-हर’चा दिग्दर्शक विल्यम वायलर निघाला, हेही खरं.)

गावाशी मात्र संबंध तुटला नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर त्यानं लाउपहाइमला भरभरून मदत पाठवली, गावानंही त्याचं नाव एका रस्त्याला दिलं.

1930 मध्ये युनिव्हर्सलनं ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ काढला. जर्मन सैनिकाच्या नजरेतून युद्ध दाखवणाऱ्या या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. डिसेंबरमध्ये तो बर्लिनला लागला, तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, दुर्गंधीचे बॉम्ब फोडले. सरकारनं काय करावं? धुडगूस घालणारे राहिले बाजूला, आठवड्याभरात चित्रपटावरच बंदी आली! नाझी सत्तेवर आले तेव्हा गावातल्या रस्त्याचं नावही गेलं.

1936 मध्ये कर्जापायी युनिव्हर्सल हातातून गेली. चरित्रकार इथे बहुधा उतारवयाची करुण कथा सुरू करतात. मला तसं वाटत नाही, कारण लेमलीचं सर्वांत मोठं काम याच वर्षांतलं आहे. अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या निर्वासिताच्या पोटापाण्याची हमी एखाद्या अमेरिकन नागरिकानं लेखी द्यावी लागे. लाउपहाइम आणि आसपासच्या ज्यूंसाठी लेमली अशी हमीपत्रं देत सुटला. एक म्हातारा किती जणांना पोसणार, अशी शंका घेऊन अमेरिकी वकिलातीतले अधिकारी त्याची हमी नाकारू लागले, तेव्हा त्यानं थेट परराष्ट्रमंत्र्यांकडे दाद मागितली, ओळखीपाळखीच्या धनिकांच्या मागे लागला. तीनशेहून अधिक माणसं त्याच्या हमीवर वाचली, असं मानलं जातं.

24 सप्टेंबर 1939 रोजी लेमली वारला. महायुद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. लाउपहाइममध्ये मागे राहिलेल्या ज्यूंना 1941-42 मध्ये गाड्यांत भरून छळछावण्यांकडे नेण्यात आलं. आज गावच्या एका शाळेला लेमलीचं नाव आहे आणि 2017 पासून त्याच्या नावानं चित्रपटनिर्मात्यांना पुरस्कारही दिला जातो. माझ्या मते मात्र हा माणूस त्या हमीपत्रांसाठी आधी ओळखला जायला हवा, युनिव्हर्सलसाठी नंतर.