सोलापूरचे कागद कुणासाठी?

सरकार माहिती कशी गोळा करतं, कशी दडवतं आणि कुणाला देतं, यावर पीएच.डी. करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने सोलापूर निवडावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र तो इथे आला की पहिली आडकाठी कायद्याचीच होते. माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 3 प्रमाणे हा अधिकार फक्त नागरिकांना आहे. अमेरिकेच्या 1966 च्या कायद्यात अशी अट नाही, ब्रिटनच्या 2000 च्या कायद्यातही नाही. म्हणजे सोलापूरचा विद्यार्थी वॉशिंग्टनमधल्या खात्याकडे अर्ज करू शकतो. वॉशिंग्टनच्या विद्यार्थ्याला सोलापूरच्या तहसील कार्यालयात तो हक्क नाही. इतक्या चांगल्या कायद्यात ही उणीव राहायला नको होती.

परमुलखात शिकायला गेलेला विद्यार्थी सरकारी कागदांतून काय उभं करू शकतो, हे महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवहारावरचा त्यांचा प्रबंध 1925 साली ग्रंथरूपाने निघाला. 1833 पासूनच्या कारभाराचा तो हिशेब आहे. राज्यकर्त्यांचेच आकडे घेऊन त्यांनी राज्यकर्त्यांना जाब विचारला. ते आकडे छापून ठेवलेले होते आणि वाचायला मिळत होते, म्हणूनच हे जमलं.

सोलापुरात अशा अभ्यासाला विषय कमी नाहीत. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं आणि 12 मे 1930 रोजी इथे लष्करी कायदा लागू झाला. त्याआधीच, 27 एप्रिलला, व्हाइसरॉयने वृत्तपत्रांवर वटहुकूम काढलेला होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या काळातलं सरकारी दप्तर वाचायचं तर मुंबईच्या पुराभिलेखागारात किंवा थेट लंडनला जावं लागतं.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो सेटलमेंटचा विषय. गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत झाली. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, बाहेर जायला परवाना घ्यायचा. सरकारला या माणसांची खडान्‌खडा माहिती होती. त्यांच्या हाती स्वतःबद्दलचा एक कागद नव्हता. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला आणि या जमाती विमुक्त झाल्या.

आता त्यांच्याच नातवंडांना जात पडताळणी समितीपुढे पुरावा द्यावा लागतो, तोही विमुक्त जातींसाठी ठरवलेल्या 21 नोव्हेंबर 1961 या तारखेच्या आधीचा. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला नाही. जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. कोतवाल बुकात जन्माची नोंद सापडली तर नशीब. ज्या सरकारने आजोबाची रोज हजेरी घेतली, तेच नातवाला विचारतं, तुझा आजोबा कोण होता याला पुरावा काय? परदेशी विद्यार्थ्याला प्रबंधाच्या एका प्रकरणासाठी हव्या असलेल्या नोंदवह्याच या घराला शिष्यवृत्तीसाठी, नोकरीसाठी हव्या आहेत. दोघांची गरज एकच आहे, म्हणून परदेशी अभ्यासकाला दार उघडणं म्हणजे उपकार नव्हे, असं मी म्हणतो.

नागरिकाला निदान अर्ज तरी करता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. माहिती कशासाठी हवी, हे कलम 6(2) प्रमाणे सांगावं लागत नाही आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पण कोणत्या गठ्ठ्यात काय आहे हेच ठाऊक नसेल तर मागायचं काय? 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरं बाहेर निघाली, मोडी वाचणारे बोलावले गेले, पानं स्कॅन झाली. मनावर घेतलं तर यंत्रणा हे करू शकते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

कलम 3 बदलायचं तर संसदेत जावं लागेल. सूचीसाठी मात्र कुठेच जायला नको. अभिलेखांची वर्गवारी आणि सूची करणं कलम 4(1)(क) ने 2005 पासूनच प्रत्येक कार्यालयावर बंधनकारक केलेलं आहे. सोलापूरच्या जिल्हा प्रशासनाने अभिलेख कक्षांतल्या दप्तरांची सूची संकेतस्थळावर टाकावी, आणि सुरुवात सेटलमेंटच्या कागदांपासून करावी.