घाम आतला, पाऊस बाहेरचा

मृग लागला की आमच्या लालबागच्या घरात एक कार्यक्रम ठरलेला असतो. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायची आणि तिच्यातले रेनकोट गॅलरीत नेऊन झटकायचे. यंदा लेकीचा रेनकोट उलगडला, तर आतला थर पापुद्र्यासारखा सुटून हाताला चिकटला. आठ महिने घडी घालून कोंडलेला रेनकोट मुंबईच्या दमट हवेत दुसरं काय करणार!

"बाबा, या वेळी चांगलं जॅकेट घेणार आहे," लेक म्हणाली. "एकच. ऑफिसला तेच, गावाला जाताना तेच आणि ट्रेकलाही तेच." मग तिने मोबाइलवर किंमत दाखवली. साडेआठ हजार रुपये! आमच्या सौभाग्यवतींनी लगेच हिशेब मांडला, की एवढ्या पैशांत घरातल्या सगळ्यांच्या छत्र्या, रेनकोट आणि वर पावसाळी चपला येतील. मीही मान डोलावली. पण रात्री झोप येईना. कारण चुकीच्या रेनकोटाची किंमत काय असते, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझे वडील परळच्या गिरणीत होते. कोकणातून आलेले. गावी त्यांनी पावसाळा काढला तो इरल्याखाली. बांबूच्या कामट्यांचं विणकाम, त्यात पानं भरलेली, डोक्यावरून पाठीवर येणारं ते इरलं आजच्या मुलांनी पाहिलंही नसेल. लावणी करताना माणूस ओणवा असतो, दोन्ही हात चिखलात असतात. छत्री धरणार कोण? इरलं पाठ कोरडी ठेवतं, हात मोकळे ठेवतं, आणि पुढून, खालून वारा खेळता राहतो.

मुंबईत आल्यावर वडिलांनी काळा रबरी रेनकोट घेतला. पहिल्या पाळीला चाळीतून निघायचे आणि गिरणीच्या फाटकाशी पोचेपर्यंत सदरा ओलाचिंब. घरी आले की म्हणायचे, "पावसान नाय, घामान भिजलंय!" आम्ही पोरं हसायचो. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. त्या पावसाळ्यात तो रेनकोट खुंटीवरच राहिला. पुढे तो माझ्याकडे आला.

खरं तर वडिलांची तक्रार फार जुनी आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर बसवण्याचं पेटंट घेतलं. पाणी अडलं, पण ते कापड उन्हाळ्यात चिकट व्हायचं, थंडीत कडक. पुढे रबरावर गंधकाची प्रक्रिया करण्याची युक्ती सापडली आणि तो दोष गेला. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२०मध्ये सुरू केलेल्या कलकत्त्याच्या कारखान्याचा 'डकबॅक' घरोघरी पोचला. घडी घालताना आई त्यावर पावडर शिंपडायची, ते अनेकांना आठवत असेल. पाऊस बाहेर राहिला, पण घामाला वाट मिळाली नाही. ती वाट निघाली १९६९मध्ये, अमेरिकेत. बॉब गोर यांनी टेफ्लॉनचा तुकडा झटक्यात ताणला आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी तयार झाली. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. आजची महाग जॅकेटं याच जातीची.

पुढच्या रविवारी आम्ही बापलेक दादरला गेलो. रानडे रोडच्या फुटपाथवर रेनकोटांचे ढीग होतेच. पण लेकीने मला एका मोठ्या दुकानात नेलं. तिथला मुलगा मोठा हजरजबाबी. लेबल दाखवत म्हणाला, "काका, दहा हजार मिलिमीटर! मुंबईत एवढा पाऊस पडतच नाही."

आता २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. तेव्हा मुलाचं म्हणणं वरवर खरं वाटतं. पण लेबलावरचे मिलिमीटर पावसाचे नसतात. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेतात आणि कापड किती उंचीपर्यंत पाझरत नाही, हे मोजतात. दहा हजार म्हणजे दहा मीटरचा स्तंभ. ऑफिसला जाण्यायेण्यापुरता याहून कमी आकडाही चालतो. पाठीवर जड सॅक असेल, तिचे पट्टे खांद्यावर तासन्‌तास दाबत असतील, तर मात्र मोठा आकडा कामाला येतो.

मी जॅकेट उलटं केलं. कापड कितीही चांगलं असो, पाणी शिरतं ते शिवणीतून. सुईच्या प्रत्येक भोकावर आतून पट्टी चिकटवलेली हवी. या जॅकेटात ती होती. शेजारच्या स्वस्त जॅकेटात फक्त खांद्यावर होती. मग लेकीला टोपी घालून मान वळवायला लावली. टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे, नाहीतर रस्ता ओलांडताना बस दिसायची नाही.

"आणि हे श्वास घेणारं कापड आहे, काका," मुलगा म्हणाला.

इथे मी थांबलो. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक असेल तर. युरोपातल्या थंड, कोरड्या डोंगरात तो भरपूर असतो. आमच्या जुलैत बाहेरची हवाच वाफेने गच्च भरलेली. मग आतली वाफ जाणार कुठे? कापडाने कितीही श्वास घ्यायचा म्हटलं, तरी करी रोडचा पूल चढताना माणूस घामाघूम होणारच. इथे कापडापेक्षा वारा महत्त्वाचा. म्हणून मी विचारलं, "बगलेत चेन असलेलं आहे का?"

लेक बघतच राहिली. "तुम्हाला हे कसं माहीत, बाबा?"

मग दुकानातल्या बाकावर बसून मी तिला १९८६चा जुलै सांगितला. लोणावळ्याहून राजमाचीला आम्ही पाच मित्र निघालो होतो. अंगात वडिलांचा तोच रबरी रेनकोट. सोळा-एक किलोमीटरची चाल, वरून धो धो पाऊस. मी रेनकोटाची सगळी बटणं लावून ऐटीत चाललो होतो. आत सुती बनियन आणि सदरा घामाने पिळून काढावा इतका ओला. चालत होतो तोवर काही जाणवलं नाही. श्रीवर्धनच्या माथ्यावर थांबलो आणि वाऱ्याने गाठलं. आधी दात वाजू लागले. मग बोलताना जीभ अडखळायला लागली. नंतर थंडी वाजेनाशी झाली, आणि मी मित्रांना म्हणालो, "तुम्ही पुढे व्हा, मी जरा झोपतो."

तीच खरी धोक्याची घंटा होती, हे मला नंतर कळलं. मित्रांनी मला जवळजवळ फरफटत खाली उधेवाडीत आणलं. एका आजींनी काही न विचारता ओले कपडे उतरवायला लावले, घोंगडीत गुंडाळलं आणि चुलीशी बसवलं. तासाभराने मला मित्रांची नावं नीट घेता आली. सह्याद्रीत बर्फ पडत नाही म्हणून थंडीने माणूस जात नाही, असं समजू नये. ओलं अंग आणि वारा एवढं पुरतं.

लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईला माहीत आहे?"

"आता सांगू," मी म्हणालो.

शेवटी साडेआठ हजारांचं जॅकेट राहिलं. साडेतीन हजारांचं घेतलं. शिवणीवर पूर्ण पट्टी, दोन्ही बगलांत चेन, मांडीपर्यंत लांबी, एक माप मोठं. घडी केली की स्वतःच्याच खिशात मावतं. दादरच्या गर्दीत पाणी गळणारं जॅकेट हातात धरून चढलं, की शेजारच्याच्या शिव्या ठरलेल्या. उरलेल्या पैशांत सुती बनियनऐवजी झटपट वाळणारे दोन टीशर्ट आणि एक पातळ लोकरी स्वेटर घेतला. स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवायचा आणि मुक्काम येईपर्यंत काढायचा नाही, ही अट. ऑफिसला छत्री आहेच. नुसत्या सरीला छत्रीइतकं हवेशीर दुसरं काही नाही. आणि हिंदमाताला गुडघाभर पाणी असेल त्या दिवशी जॅकेट कसलंही असो, असेल तिथेच थांबायचं. पाण्याखाली उघडं गटार असलं, तर ते कुठल्याच जॅकेटला दिसत नाही.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी ती मैत्रिणींबरोबर राजमाचीलाच गेली. सौभाग्यवतींना तोवर सगळी हकिगत सांगून झाली होती, त्यामुळे त्या दिवशी घरात कुणीच नीट जेवलं नाही. रविवारी दुपारी फोन आला. रेंज तुटत होती.

"बाबा, माथ्यावर काय वारा होता! पण बगलेच्या चेन उघड्या ठेवून चढले. वर पोचल्यावर टीशर्ट बदलला आणि चेन लावून टाकल्या."

"आणि स्वेटर?"

"तो मी नाही घातला," ती म्हणाली. "आमच्यातली एक जण सुती कुडता घालून आली होती. तिला दिला."

पलीकडून सौभाग्यवतींनी हात पुढे केला. मी फोन त्यांच्याकडे दिला आणि जॅकेट वाळत घालायला गॅलरीतली दोरी मोकळी करायला गेलो.