जळगावात दडलेला ‘अ‍ॅनालॉग’

जळगावचे इंग्रजी स्पेलिंग सात अक्षरांचे. त्यातला जे काढला की उरलेल्या सहांतून ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द, अमेरिकी स्पेलिंगने, नेमका जुळतो. असे शब्द शोधायला अक्षरे उलटसुलट मांडत बसणे हा चुकीचा रस्ता आहे. ए दोनदा येत असल्याने जळगावच्या सात अक्षरांच्या २५२० मांडण्या होतात. संगणक त्या क्षणात तपासेल, हे खरे. पण पंधरा वेगवेगळ्या अक्षरांच्या मांडण्या एक लाख कोटींवर जातात, शब्दकोश मात्र तेवढाच राहतो. म्हणून कोशातला एकेक शब्द घ्यावा आणि त्यातली अक्षरे मोजावीत. ‘लगून’ला ओ दोनदा लागतो, जळगावात तो एकदाच; शब्द बाद. धुळ्याच्या पाच अक्षरांतून ‘ड्युएल’ आणि ‘हेल्ड’ निघतात. मराठीत मात्र आधी काय मोजायचे ते ठरवावे लागते. ‘धुळे’ वाचताना दोन अक्षरे. संगणकात उकार आणि मात्रा वेगळ्या धरून चार खुणा. मराठी शब्दखेळ रचणाऱ्यांनी वाचकाची अक्षरे मोजावीत, संगणकाच्या खुणा नव्हे.