ना कोरडे, ना चिंब : गंजाची मधली ओल

कोकणात समुद्राजवळच्या घरांत एक गोष्ट पाहायला मिळते. खिडकीच्या गजांची पाऊस झेलणारी बाजू त्यातल्या त्यात बरी असते. छज्जाच्या आडोशाची, कोरडी वाटणारी बाजू मात्र पोपडे धरून सुटत जाते. पाणी जास्त तिथे गंज जास्त, हे आपले साधे गणित इथे चुकते.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. बादलीत बुडवलेल्या खिळ्यापर्यंत प्राणवायूला पाण्याच्या जाड थरातून यावे लागते. तोच थर मायक्रोमीटरच्या घरातला पातळ पापुद्रा असेल, तर प्राणवायू झटकन पोहोचतो आणि गंज वेग घेतो. पापुद्रा जेमतेम काही रेणूंचाच उरला, तर आयनांना हलायला वाव राहत नाही आणि क्रिया थंडावते. घातक असते ती मधली ओल.

ही ओल यायला पाऊस लागतोच असे नाही. ब्रिटिश संशोधक व्हर्नन यांनी १९३०च्या सुमारास दाखवून दिले, की दूषित हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांपलीकडे गेली की गंज एकदम वाढतो. मीठ हे काम आणखी सोपे करते. साधे मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळते. समुद्री मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तोच प्रकार गजावर घडतो. उघड्या बाजूचे मीठ पाऊस धुऊन नेतो, आडोशाचे तिथेच साचते.

तापमानाचे वागणे दुहेरी आहे. उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, पण पापुद्राही लवकर सुकतो. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो आणि त्यावर दव धरते. सकाळी ऊन चढताना पापुद्रा पातळ होतो, त्यातले मीठ दाट होते आणि धातू तापतो. पूर्ण सुकण्याआधीचा हा थोडा वेळ फार नुकसान करतो. म्हणूनच गंजाचा अंदाज बांधताना तज्ज्ञ पावसाच्या मिलिमीटरांपेक्षा धातू ओला राहिल्याचे तास मोजतात.

दिवाळीनंतर दवाचे दिवस येतात. त्याआधी गजांची आडोशाची बाजू गोड्या पाण्याने धुवावी, वाळवावी, गंज खरवडावा आणि मगच रंग द्यावा. मिठावर चढवलेला रंग आतली ओल झाकतो, थांबवत नाही.