भ्रमणध्वनि आणि वादळाचा धडा

एके काळीं घरांत दूरध्वनि असणें हें श्रीमंतीचें लक्षण होतें; आतां तो दिवाबत्तीप्रमाणें नित्याचा झाला आहे. 31 जुलै 1995 रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशीं दिल्लीस संभाषण केलें, तो भारतांतील पहिला भ्रमणध्वनि-संवाद होय. त्या काळीं आलेला फोन घेणाऱ्यासहि पैसे मोजावे लागत. आज आमच्या बोर्ली पंचतनच्या बाजारांत दोन जुड्या भाजीचे पैसेहि 2016 सालीं निघालेल्या यूपीआय पद्धतीनें चुकते होतात.

या साधनाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यांचीं मुलें मुंबईस किंवा परदेशीं आहेत, त्या वृद्धांस नातवंडांचें मुखदर्शन त्यानेंच घडतें. अक्षरें दाबणें ज्यांस जमत नाहीं, त्यांनीं नुसतें बोलावें आणि यंत्रानें तें मराठींत लिहून घ्यावें, ही सोयहि 2017 पासून उपलब्ध आहे. ऱ्हस्वदीर्घाकडे मात्र आपणच लक्ष पुरवावें!

परंतु ज्या वस्तूवर आपण भार टाकतों, तिचा पाया कशावर उभा आहे हें जाणून घेणें अगत्याचें असतें. तो पाया किती कच्चा आहे, हें आमच्या किनाऱ्यास 3 जून 2020 रोजीं कळून आलें. त्या दिवशीं दुपारीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशीं 100 किलोमीटरांहून अधिक वेगानें रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या टापूंत नारळी-पोफळीच्या वाड्या उध्वस्त झाल्या, घरांचीं छपरें उडालीं, विजेचे खांब कोलमडले. आणि त्यांबरोबर भ्रमणध्वनिहि मुका झाला. तो टाळेबंदीचा काळ. बाहेरगांवच्या मुलांस धांवत येणेंहि सोपें नव्हतें. आईबाप सुखरूप आहेत, एवढा एक शब्द कानीं पडावा म्हणून कित्येक कुटुंबांना दिवसचे दिवस तळमळावें लागलें. वाड्यांची हानि पंचनाम्यांत मांडतां येते. त्या तळमळीस तेथें रकाना नसतो.

असें कां व्हावें? कारण हा फोन बिनतारी असला तरी निराधार नव्हे. आपला आवाज हवेंतून जातो तो जवळच्या मनोऱ्यापर्यंत. त्या मनोऱ्यास वीज लागते. ती गेली कीं तो कांहीं तास बॅटरीवर चालतो, पुढें डिझेलच्या जनित्रावर. आणि रस्त्यांत झाडें आडवीं पडलीं म्हणजे डिझेलहि तेथें पोंचत नाहीं.

या उणिवेकडे तज्ज्ञांचें लक्ष गेलें आहे. एका कंपनीचा मनोरा बंद पडल्यास तिच्या ग्राहकांस दुसरीच्या मनोऱ्याचा आसरा द्यावा, अशी व्यवस्था आपत्तीच्या वेळीं सरकार आतां करवितें. मनोऱ्याच्या टप्प्यांतील सर्व फोनांवर एकदम धोक्याची सूचना वाजविण्याच्या पद्धतीची चांचणी 2023 सालीं देशभर झाली. अमेरिका व कॅनडा येथें तर नोव्हेंबर 2022 पासून कांहीं फोनांवरून, मनोऱ्यावांचून, थेट उपग्रहामार्फत संकटाची हांक देतां येते.

हें सर्व आपल्या दारीं पोंचेपर्यंत गृहस्थांनीं व गृहिणींनीं कांहीं गोष्टी स्वतःच कराव्या. पूर्वीं आप्तांचे पत्ते तोंडपाठ असत. आतां मुलाचा क्रमांकहि बापास पाठ नसतो. म्हणून निकटच्या आप्तांचे क्रमांक कागदावर लिहून देवघरांत ठेवावे. आठवड्याच्या खर्चापुरती रोख रक्कम घरीं असावी, कारण मनोरा मिटला कीं फोनमधील पैसाहि तेथेंच अडकतो. वादळाची वर्दी येतांच फोन व पॉवर बँक पूर्ण चार्ज करून घ्यावी. आणि मुख्य म्हणजे, दूरच्या मुलांशीं आधींच बोलून ठेवावें: संकट आल्यास आम्ही कोणाच्या पक्क्या घरीं जाऊं, निरोप घेऊन कोण निघेल, आणि कोणत्या गांवच्या आप्ताकडे तुम्हीं चौकशी करावी. एवढें ठरलेलें असलें, तर फोन मुका झाला तरी आपलीं माणसें कोठें शोधावयाचीं हें मुलांस ठाऊक राहील.