डेब घ्यायचं की आरपीएम?

अंबाजोगाईत मी जुन्या संगणकांवर लिनक्स टाकून देतो. गिऱ्हाईक हमखास विचारतं, "सॉफ्टवेअरची नेमकी कोणती फाइल उतरवू?" आधी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कोणता अवतार आहे, ते बघा. डेबियन, उबुंटू किंवा सी-डॅकचं बॉस असेल तर डेब. फेडोरा, ओपनसुसे असेल तर आरपीएम. डेब फाइलच्या आत दोन मुख्य गठ्ठे असतात. एकात नाव, आवृत्ती आणि लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादी; दुसऱ्यात प्रत्यक्ष फायली. यादीतलं काही संगणकावर नसेल तर डेब बसवणारं डीपीकेजी अडून बसतं. एपीटी हे दुसरं साधन ते नेटवरून आणून देतं. फेडोरात हेच काम डीएनएफ करतं. फ्लॅटपॅक नावाचं तिसऱ्या प्रकारचं पॅकेज बहुतेक सगळीकडे चालतं, पण सोबत ते चालायला लागणारा जडशीळ रनटाइमही उतरवतं. मोबाइलच्या डेटावर भागवत असाल, तर आधी एपीटीतच शोधा.