विश्लेषण : घरी बांधलेल्या कॅटमरानमध्ये घर आणि वेग यांची सांगड कशी घालतात?

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. तेथील यशवंत तलावात पर्यटक हौसेने होडीत बसतात. मात्र त्याच अक्राणी तालुक्याच्या उत्तरेला, सातपुडा उतरून नर्मदेवर गेले की होडी ही हौस राहत नाही. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. त्याच्या फुगवट्यामुळे नदीकाठच्या अनेक पाड्यांना पाण्याचाच रस्ता उरला. दवाखानाही येथे बोटीतून फिरतो. २०२० च्या करोनाकाळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे होडी वल्हवत पाड्यांवरील बालके आणि गरोदर मातांपर्यंत पोहोचत होत्या. अशा पाण्यावर मुक्काम करता येईल आणि कमी ताकदीत चालेल अशी नाव कशी असावी? जगभरातील हौशी नौकाबांधणीकार याचे उत्तर कॅटमरानमध्ये शोधतात.

कॅटमरान म्हणजे नेमके काय?

दोन अरुंद होड्या समांतर ठेवून आडव्या तुळयांनी जोडल्या की कॅटमरान होते. मधल्या जागेत डेक येतो. हा शब्द तमिळमधील ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेली लाकडे यावरून आला. दोन होड्या जोडून केलेल्या तराफ्याला मराठीत जुना शब्द आहे ‘सांगड’. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. कोकणातील होडीला तोल सांभाळण्यासाठी एका बाजूला जोडलेली ‘उलांडी’ हीदेखील याच कुटुंबातली.

घरी नाव बांधण्याची कल्पना कोणाची?

ब्रिटनच्या जेम्स व्हॅरम यांनी १९५४ मध्ये सुमारे सात मीटर लांबीची ‘तांगारोआ’ स्वतः बांधली आणि ती अटलांटिक पार करून त्रिनिदादला नेली. तेथे त्यांनी सुमारे १२ मीटरची ‘रोंगो’ बांधली. १९५९ मध्ये तिने उत्तर अटलांटिक ओलांडला. पुढे त्यांनी प्लायवूडच्या नावांचे आराखडे सर्वसामान्यांना उपलब्ध करून दिले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

सोयी वाढल्या की काय बिघडते?

वजन. समजा, नऊ मीटरच्या कॅटमरानच्या दोन्ही होड्यांचे पाण्याच्या पातळीवरील क्षेत्रफळ मिळून ९ चौरस मीटर आहे. तर गोड्या पाण्यात दर ९० किलोला नाव १ सेंटीमीटर खाली जाते. पाण्याची ४०० लिटरची टाकी म्हणजे ४०० किलो. त्यात फ्रीज, बॅटऱ्या, जाड लाकडाचे फर्निचर, जादा नांगर यांची भर पडून ९०० किलो झाले, तर नाव १० सेंटीमीटर बसते. मग डेकखालची मोकळी जागा कमी होते, लाटा खालून आदळतात आणि वेग घटतो. म्हणून प्रत्येक सोय आधी किलोमध्ये मोजावी लागते.

राहण्यासाठी कोणते बदल उपयोगी?

पहिला बदल हवेचा. अरुंद होडीत ऊन साठते. दोन्ही टोकांना झडपा बसवल्या की वारा आरपार जातो. डेकवर कापडी छत ताणले तर दिवसभर बसायला सावली मिळते. दुसरा बदल डेकच्या मधोमध हलकी, बुटकी केबिन. ती उंच केली तर वारा अडवते आणि नाव ढकलली जाते. तिसरा बदल विजेचा. सौर पॅनेल छताला सावली देतात आणि वीजही. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी सुमारे ३० किलोची असते, तर तेवढीच लिथियम बॅटरी त्याच्या निम्म्याहूनही हलकी. जड वस्तू मात्र टोकांना न ठेवता मध्यभागीच ठेवाव्यात, नाहीतर नाव लाटेत नाक खुपसते.

चाल कशी सुधारते?

वारा बाजूने आला की उथळ नाव आडवी सरकते. तळाला लांबट, उथळ कील म्हणजे उभी पट्टी जोडली की ते कमी होते आणि नाव काठावर चढवतानाही तळ सुरक्षित राहतो. खाली-वर होणारी फळी जास्त परिणामकारक, पण बुडालेल्या बुंध्यावर ती आपटू शकते. सुकाणूच्या बिजागऱ्यांमधील ढिलाई काढणे, शिडावर चालताना पाती मिटणारा पंखा बसवणे आणि ताणून पिशवी झालेले शीड बदलणे, हे खर्चाच्या मानाने मोठा फरक पाडणारे बदल आहेत.

धोका कोणता?

एकतळी शिडाची नाव वारा वाढला की कलून इशारा देते. कॅटमरान फारशी कलत नाही, त्यामुळे शीड वेळेआधीच लहान करावे लागते. ती उलटलीच तर सहसा आपोआप सरळ होत नाही. दुसरा शत्रू पावसाचे पाणी. स्क्रूच्या भोकातून ते प्लायवूडमध्ये शिरले की लाकूड आतून कुजते. नवी केबिन बसवण्यापूर्वी तुळया लाकडी हातोडीने ठोकून पाहाव्यात. आवाज बद्द आला तर आधी तो भाग कापून बदलावा. प्रत्येक नवे भोक इपॉक्सीने बंद करावे.

नर्मदेवर याचा उपयोग काय?

डोंगरांमधल्या जलाशयात वारा दिशा बदलत येतो. तेथे शिडापेक्षा छोटे इंजिन किंवा सौर मोटर भरवशाची, आणि अरुंद होड्यांना ती पुरते. पाण्याची पातळी वर्षभर खाली-वर होते, तेव्हा उथळ तळ कामी येतो. रुंद डेकवर रुग्णाला आडवे झोपवता येते. पण रुंद डेक दिसला की माणसेही जास्त चढतात. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या वेळी याच तालुक्यात भुषाजवळ प्रवाशांनी भरलेली बोट उलटून जीवितहानी झाली होती. म्हणून कोणताही बदल केल्यावर नाव तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी आणि दोन्ही होड्यांवर कमाल भाराची रेघ ठळक रंगवावी. रेघ पाण्याखाली गेली की सामान किंवा माणसे उतरवायची. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट मात्र कमी करायचे नाही.